लॉर्नचा माइक

आमच्याकडे पाहुणा आला की त्याला फेरीबोटीने व्हिक्टोरियाला न्यायचं आणि तिथली मोठी फुलबाग दाखवायची, हे ठरलेलंच असतं. पाहुण्याला विचारायची पद्धत नाही, आणि पाहुणाही नाही म्हणत नाही. व्हँकुव्हरजवळ संसार थाटल्यापासून मी कितीतरी पाहुणे त्या बागेतून फिरवून आणले. दीर, भाचे, माझ्या नवऱ्याच्या, एल्मरच्या, ऑफिसातला एक मुका वाटावा इतका अबोल माणूस, सगळे. पाहुणे नसताना मात्र मी तिथे एकदाही गेले नाही. समुद्र ओलांडला की आहेच ती, कुठे पळून जातेय!

आणि जायचं ते लॉर्नच्या बसने. लॉर्न ड्रायव्हरही तोच आणि गाइडही तोच. एका हातात स्टिअरिंग, तोंडापुढे माइक, आणि सकाळी हॉटेलांच्या दारातून माणसं गोळा केल्यापासून संध्याकाळी परत सोडेपर्यंत तोंडाचा पट्टा चालू. विनोद तेच. क्रमही तोच. नदीखालच्या बोगद्यात शिरलो की, "मंडळी, श्वास धरून ठेवा, हा गळतो की नाही हे मला दुसऱ्या टोकाला पोचल्यावरच कळतं." समुद्र दिसला की, "डावीकडे देवमासा! गेला. तुम्ही उजवीकडे बघत होतात." व्हिक्टोरियात शिरताना, "या शहरात निवृत्त लोक इतके आहेत की साठीच्या माणसाला इथे 'बाळ' म्हणतात." देवमाशाला तर मी इतकी विटले होते की तो समुद्र आला की मी मुद्दाम डोळे मिटून बसायची.

"व्हर्ना, झोपलीस का?" तो माइकवरून सगळ्यांसमोर विचारायचा.

"झोपू देशील तर ना!" मी म्हणायची, आणि बस हसायची. पुढे पुढे मला संशय यायला लागला की माझं ते वाक्यही त्याने आपल्या कार्यक्रमात धरलेलं आहे.

असा हा माणूस. उंच, वाकलेला, थंडीतही बाह्या दुमडलेल्या. त्याचा आणखी एक नेम होता. बस कुणासाठी थांबत नाही. बागेतून निघायच्या वेळेला जो आला नाही त्याने गावच्या बसने, टॅक्सीने, पोहत, कसंही यावं. फेरीबोट चुकली तर पुढच्या बोटीपर्यंत बसभर माणसं ताटकळतात, म्हणून तो नेम.

एल्मर गेला त्या वर्षी त्याची बहीण एडना अंत्यविधीला आली. ती प्रेअरीतली, म्हणजे सपाट मैदानी मुलखातली, मूस जॉ गावची. नजर पोचेल तिथवर गहू बघत वाढलेली बाई. विधी आटोपला, माणसं पांगली, आणि आता एडनाचं काय करायचं हे मला कळेना. मग मी आमच्याकडे जे करतात ते केलं. तिकिटं काढली. लोकांनी मला वेड्यात काढलं असेल, काढू देत.

त्या बागेत एक खोल भाग आहे, जुन्या चुनखडीच्या खाणीचा. पायऱ्या उतरून गेलं की चारी बाजूंनी फुलंच फुलं. तिथल्या एका बाकावर मी बसले आणि मला उठताच येईना. पायांना काही झालं नव्हतं. पण उठलं की घरी जायचं, आणि घरात एल्मर नाही. एडना बिचारी समोर उभी राहून शिंकत होती आणि रडत होती. निघायची वेळ झाली, टळली. मग पायऱ्यांवरून लॉर्न उतरताना दिसला. मला वाटलं, आता हा विनोद करणार आणि मी याला चपलेने मारणार.

तो शेजारी बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "तुझं झालं की सांग." एवढंच.

बसमध्ये परतलो तेव्हा सगळे तापलेले. लॉर्नने माइक घेतला. "मंडळी, माफ करा, गाडी तापलीय. जरा थंड होईपर्यंत मला हलता येणार नाही." वर पाच मिनिटं त्याने इंजिनाचं झाकण उघडून आत डोकं घालून ठेवलं. गाडीला काही झालेलं नव्हतं. मी पहिल्या बाकावर बसते, मला इंजिनाच्या तापमानाचा काटा दिसतो. बोट चुकली, लोक धक्क्यावर दोन तास ताटकळले. पण ऑफिसात तक्रार गेली आणि लॉर्नला बोलणी खावी लागली, हे मला पुढच्या वर्षी दुसऱ्या एका ड्रायव्हरकडून कळलं. लॉर्नने स्वतः कधी त्याचा उच्चार केला नाही. उलट मी विषय काढला तेव्हा म्हणाला, "गाड्या तापतात गं."

तेव्हापासून एडना दर सप्टेंबरात येते आणि आम्ही दर सप्टेंबरात बागेत जातो.

गेल्या सप्टेंबरात बसच्या दारात लॉर्न उभा होता, पण मानेला रुमाल होता. मी म्हटलं, "काय रे, शेवटी या विनोदांनी तुझाही घसा धरला?" तो हसला आणि काहीतरी बोलला. पत्र्यावर वाळू घासल्यासारखा आवाज. घशात गाठ निघाली होती. गाठ काढली, आणि आवाज बराचसा तिच्याबरोबर गेला. शेवटच्या बाकावर डेरिल म्हणून एक तरुण साहेब बसला होता. कंपनीनेच पाठवला होता. आजची सहल म्हणजे लॉर्नची परीक्षा, हे त्याने लपवलं नाही. लोकांना ऐकू गेलं तर बस त्याची. नाही तर उद्यापासून डेपोत गाड्या धुवायच्या.

बोगदा आला. लॉर्नने माइक जवळ घेतला आणि श्वास धरून ठेवायला सांगितलं. मला कळलं, कारण मला पाठ होतं. बाकी कुणालाच काही कळलं नाही.

"काय म्हणाले?" मागच्या बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. त्या हसल्या. त्यांच्या मागच्याने विचारलं, "काय झालं?" त्यालाही सांगितलं. मग चौथ्या बाकावरून हाक आली, आणि माझं डोकंच फिरलं. असं एकेकाला सांगत बसले तर व्हिक्टोरिया येईल! मी हात पुढे केला. "आण तो माइक."

लॉर्नने माझ्याकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं. मग माइक दिला.

मी जन्मात कधी चारचौघांत बोलले नव्हते. पण विनोद माझे नव्हतेच, मग लाज कसली! मी त्याच्या क्रमाने, त्याच्याच जागी थांबत, एकेक सांगत गेले. समुद्र आला. ज्या देवमाशाचा मला इतकी वर्षं वैताग होता, त्याचं नाव मी इतक्या जोरात ओरडून सांगितलं की बसमधल्या सगळ्या माना खरोखर डावीकडे वळल्या. "गेला! तुम्ही उजवीकडे बघत होतात." बस फुटली हसून. लॉर्नचे खांदे गदागदा हलत होते, आवाज मात्र काही नाही.

बोटीवर बस खालच्या मजल्यावर ठेवून आम्ही वर खाणावळीत आलो. डेरिल आमच्या टेबलाशी आला. पोरगा वाईट नव्हता, नजर खाली होती त्याची.

"बाई, तुम्ही फार छान बोलता. पण उद्या तुम्ही नसणार, परवाही नसणार. गाइडला स्वतःला बोलता यायला हवं. बागेनंतरचं त्यांचं त्यांना बोलू द्या. प्लीज."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मला खरं तेच सांगावं लागेल."

तो गेला. मी सूप बाजूला सारलं. एडना मात्र आपलं शिंपल्यांचं सूप भुरकत होती.

"बागेत तू गुलाब बघून ये," मी म्हटलं. "मी लॉर्नपाशी थांबते. तुझी हौस कशाला बुडवायची?"

तिने चमचा खाली ठेवला. "माझी कसली हौस? मला फुलांनी शिंका येतात, व्हर्ना. दर वर्षी इथून गेल्यावर आठवडाभर नाक वाहतं माझं."

"मग दर वर्षी येतेस कशाला?"

"तुला आवडते म्हणून!"

"मला? अगं, मी तुझ्यासाठी तिकिटं काढते!"

इतकी वर्षं मी तिच्यासाठी आणि ती माझ्यासाठी, आणि मनापासून बाग हवी होती असं कुणालाच नाही. मी कपाळाला हात लावला. एडनाला हसू आवरेना, ती हसता हसता शिंकली, आणि मग तीच हळूच म्हणाली, "पण लॉर्नला भेटायला मी आले असते हं. बाग नसती तरीसुद्धा." मीसुद्धा आले असते. हे मला त्या टेबलाशी बसल्यावर कळलं.

शहर झालं, बाग झाली. आम्ही दोघी आत गेलोच नाही. लॉर्नबरोबर गाडीतळावर, बसमध्येच, कॉफी पीत बसलो. डेरिलचं म्हणणं मी त्याला सांगितलं. त्याने कपातली कॉफी संपवली. मला वाटलं, आता हा म्हणणार की तूच बोल. मी बोललेही असते, डेरिलच्या नाकावर टिच्चून. पण त्याने मान हलवली आणि माइकची वायर माझ्या बाजूने काढून आपल्या बाजूला घेतली.

लोक दमून परतले. बागेनंतर सगळे झोपतात, नेहमीचंच आहे. लॉर्नने इंजिन चालू केलं, आणि पुन्हा बंद केलं. इंजिन थांबल्यावर बसमध्ये एकदम शांतता झाली. तो माइकपाशी वाकला.

"गाडी बंद केली," तो म्हणाला, एकेक शब्द खरवडून काढत. "म्हणजे ऐकू येईल. माझा आवाज गेलाय. सकाळचे विनोद माझे होते, आवाज हिचा होता. आता फार बोलणार नाही. जिथे बघायचं तिथलं फक्त सांगेन. बघा मात्र नक्की."

शेवटच्या बाकापर्यंत सगळे पुढे वाकून ऐकत होते. झोपायला टेकलेली डोकी वर आली होती. शेतांतून गाडी निघाली. बराच वेळ तो गप्प. मग वेग कमी करून एकच शब्द, "गरुड."

सगळ्यांनी पाहिलं. रस्त्याकडेच्या तारेच्या खांबावर खरोखरच गरुड बसला होता, पांढऱ्या डोक्याचा, आमच्याकडेच बघत. गाडी जाईपर्यंत तो हलला नाही. पुढे एकदा लॉर्नने "सफरचंदं" म्हटलं आणि फळांनी वाकलेली जुनी बाग गेली. एकदा "आता पाणी" म्हटलं, आणि झाडांच्या फटीतून खाडीचा उजेड आत आला. बोटीवरून उतरून शहरात शिरेपर्यंत हेच चाललं. एक शब्द, मग गप्प. त्या रस्त्याने मी कितीदा गेले, पण यातलं काही म्हणजे काही पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं नव्हतं ते त्याच्याच बडबडीमुळे! हे त्याला कधीतरी सुनावणार आहे.

लोकांना आवडलं हे मला दिसत होतं. डेरिलला काय वाटलं, हे मात्र मागे वळून बघायचं धाडस होईना.

आमच्याकडे बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हणतात. शाळकरी पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, पाऊस असो की घाई, सगळे म्हणतात. आणि लॉर्नचं एक होतं, तो प्रत्येकाला काहीतरी वेगळं उत्तर द्यायचा. त्या संध्याकाळी एकेक जण उतरत होता, "थँक यू" म्हणत होता, आणि लॉर्न नुसती मान हलवत होता. काहींनी त्याचा हात हातात घेतला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर टोपी काढली. आम्ही दोघी जागेवरून हललो नाही. मग मागून डेरिल आला. पायरीपाशी थांबला.

"थँक यू, लॉर्न," तो म्हणाला. "उद्या सकाळची बस तुमचीच. आणि ते गरुडाचं... तो रोज असतो का तिथे?"

"नसला, तर गप्प बसेन," लॉर्न म्हणाला.

डेरिल हसत उतरला. एडनाने लॉर्नचा गालगुच्चा घेतला, नाक पुसलं आणि तीही उतरली. राहिले मी. मला खूप म्हणायचं होतं. खाणीतल्या बाकाबद्दल, तापली नसलेल्या गाडीबद्दल, इतक्या वर्षांबद्दल. पण साधं थँक यूसुद्धा बाहेर पडेना.

"अगं बोल ना काहीतरी!" खालून एडना ओरडली.

लॉर्नने माझी वाट पाहिली. मग तो माइककडे न बघता, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाला, "राहू दे. आज माझ्या वाटचं तू बोललीस ना, आता तुझ्या वाटचं मी म्हणतो. थँक यू, व्हर्ना. उतर आता, गाडी तापेल."