गुरुजींची उलटी झाडं

वाक्य पुरं झाल्याशिवाय जगात काही घडूच शकत नाही, असं मनापासून मानणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि नांदेडला दोन वर्षं त्याच्याबरोबर एका खोलीत राहिलो. ते आमचे गुरुजी. किनवटच्या जंगलभागातल्या एका आश्रमशाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले आणि निरोपाचा हार सुकायच्या आत एम.ए. इंग्रजीला विद्यापीठात नाव घालून मोकळे झाले. मी रेणापूरहून आलेलो, बावीस वर्षांचा. ते माझ्या वडिलांपेक्षा चार वर्षांनी मोठे. पण हजेरीपटावर आमची नावं एकाखाली एक आली, म्हणून खोलीही एकच घेतली. मला नावानं हाक मारणं त्यांना कधी जमलं नाही. पहिल्या दिवसापासून मी त्यांचा ‘रेणापूर’ झालो तो आजतागायत. एकदा ते चटईवर बसून काहीतरी लिहीत होते आणि त्यांच्या मांडीपासून वीतभर अंतरावर मला विंचू दिसला. माझी बोबडी वळली. कसंबसं तोंडातून “गुरुजी, विंचू...” एवढंच निघालं. त्यांनी पेन थांबवलं, मान वर केली आणि शांतपणे विचारलं, “विंचू काय? होता, हाय, का येणार हाय? क्रियापद टाक की.” मी क्रियापद टाकलं नाही, चप्पल टाकली. विंचू मेल्यावर ती चप्पल मला परत देताना त्यांनी समजावून सांगितलं की मराठीचा हाच एक घोटाळा आहे, मुद्द्याचं सगळं शेवटी येतं. तू इंग्रज असतास तर दुसऱ्याच शब्दाला मी उडी मारली असती.

पहिल्या सत्रात ते असे नव्हते. कविता, नाटक वगैरे त्यांनी निमूटपणे वाचलं, जसं पथ्याचं जेवण जेवावं तसं. खरी गडबड झाली ती सिंटॅक्सचा, म्हणजे वाक्यरचनेचा, पेपर सुरू झाल्यावर. या विषयात प्रत्येक वाक्याचं एक झाड काढतात. वर शेंड्याला अख्खं वाक्य, त्याला फुटलेल्या दोन फांद्या, एक नामाच्या घराण्याची, एक क्रियापदाच्या. त्यांना आणखी फांद्या, आणि अगदी खाली एकेक शब्द लोंबत असतो. अर्धा वर्ग त्या झाडांना पाहून घाबरला. गुरुजी मात्र प्रेमात पडले. त्यांनी हिरव्या शाईचं पेन आणि लाकडी फूटपट्टी आणली आणि दिसेल त्या वाक्याचं झाड काढायला सुरुवात केली. वर्तमानपत्राचे मथळे झाले, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना झाल्या, एसटीत चालकाच्या डोक्यावर लिहिलेली वाक्यं झाली. कागद संपले तेव्हा खोलीची भिंत झाली. आमच्या घरमालकीणबाई, त्यांना आम्ही खाला, म्हणजे मावशी, म्हणत असू, एक दिवस भाडं घ्यायला आल्या आणि भिंतीपुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता खोली सुटली. पण त्यांनी एवढंच विचारलं, “झाड उल्टा कायकू निकाले गुरुजी? जड उप्पर, पत्ते नीचे?” गुरुजींनी त्यांना पाऊण तास सगळं समजावलं. खालांनी पुरतं ऐकून घेतलं आणि शेवटी “नक्को” म्हणून निघून गेल्या. गुरुजी त्या ‘नक्को’वर दोन दिवस खूश होते. कर्ता नाही, कर्म नाही, आणि तरी एका शब्दात वाक्य पूर्ण, असं वाक्य त्यांना पुस्तकात सापडलं नव्हतं.

कंधारला आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या बहिणीचं लग्न होतं. सगळा वर्ग गेला. मांडवात बसल्यावर गुरुजींनी खिशातून पत्रिका काढली. ते चौदा ओळींचं एकच वाक्य होतं. कुलदैवताच्या कृपेनं सुरू होऊन आजोबा, पणजोबा, चुलते, मामा यांच्या गर्दीतून वाट काढत ते शेवटच्या ओळीत एकदाचं क्रियापदाला पोचत होतं. गुरुजींनी पत्रिकेच्या पाठीवर फूटपट्टी ठेवली. अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली, उठली, दुसरी बसली. मी दोनदा बोलवायला गेलो. ते म्हणाले की सगळे सापडले, पण कर्ता सापडत नाही, आणि कर्त्यावाचून मी उठणार नाही. शेवटी त्यांनी समोरून जाणाऱ्या मुलीच्या वडिलांनाच गाठलं आणि विचारलं, “ह्याच्यात कर्ता कुठं हाय?” ते बिचारे घामाघूम झालेले. हात जोडून म्हणाले, “कर्ता पोरगा पुण्याला हाय गुरुजी, सुट्टी न्हाई भेटली, सांजेपर्यंत येतो म्हणला.” आम्हाला बुंदी मिळाली. गुरुजींना नुसता भात.

वर्गात मात्र त्यांच्याइतका आज्ञाधारक विद्यार्थी दुसरा नव्हता. सिंटॅक्स शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी प्रश्न विचारला की गुरुजी ताडकन उभे राहत आणि बसायला सांगेपर्यंत बसत नसत. मॅडम संकोचून बसा म्हणत, तर हे म्हणत की मला अरे-तुरे करा, मी विद्यार्थी आहे. ते मॅडमना शेवटपर्यंत जमलं नाही. मी एकदा त्यांना विचारलं की या वयात हे कशासाठी. पेन्शन चालू होती, मुलगा नोकरीला होता, घरी कुणी काही मागत नव्हतं. त्यांनी पेनचं टोपण बराच वेळ लावलं, काढलं. मग म्हणाले की तीस वर्षं पोरांना ‘हे असंच असतंय’ एवढंच सांगत आलो. असं का, हे एकानंही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात मॅडमनी शब्दांच्या क्रमावर एक तास घेतला. त्या म्हणाल्या की इंग्रजीत क्रियापद मध्ये येतं, पण ते शेवटी ठेवणाऱ्या भाषाही जगात ढिगानं आहेत. मराठी तशी, तेलुगू तशी, गोंडीही तशीच. मग त्यांनी फळ्यावर ‘आय मँगो ईट’ असं लिहिलं आणि म्हणाल्या, “मूल असं बोलतं तेव्हा त्यानं नियम मोडलेला नसतो. त्यानं घरचा नियम पाळलेला असतो.” गुरुजी उभे राहिले. कुणी प्रश्न विचारलेला नव्हता. त्यांनी मॅडमना ते वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं. मॅडमनी म्हटलं. ते बसले नाहीत. तास संपला, मुलं बाहेर पडली, तरी ते बाकाच्या कडेला हात टेकवून तसेच फळ्याकडे पाहत उभे होते.

त्यानंतर चार दिवस ते वर्गाला आले नाहीत आणि एकही झाड काढलं नाही. खालांनी मला बाहेर बोलावून विचारलं की गुरुजींच्या घरी कुणी गेलं का. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवी भरली आणि मला म्हणाले की किनवटला जायचंय, सोबत चल. आगगाडीत त्यांनी मला एक हकिकत सांगितली. वीसेक वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात एका गोंड पाड्यावरची मुलगी होती. कधी तोंड उघडत नसे. एकदा उन्हाळ्याच्या तोंडाला, तासात इंग्रजीतच बोलायचं असा गुरुजींचा दंडक असताना, तिनं हात वर केला आणि म्हणाली, “सर, आय वॉटर ड्रिंक.” गुरुजींनी तिला उभंच ठेवलं. ते वाक्य फळ्यावर लिहिलं, सगळ्या वर्गाकडून तीनदा म्हणवून घेतलं, आणि वर्ग हसला तेव्हा तेही हसले. पुढं शिक्षकांच्या खोलीत त्यांनी हा किस्सा विनोद म्हणून कितीदा तरी सांगितला. मुलगी सुट्टीत घरी गेली ती परत आली नाही. “पटावरचं नाव मीच खोडलं रेणापूर,” ते म्हणाले, “लाल शाईनं.”

तिचा पत्ता त्यांनी चार दिवसांत फोन करकरून काढला होता. किनवटच्या बाजारात तिचं शिवणाचं दुकान होतं. शाळेचे गणवेश शिवायची. आम्ही पोचलो तेव्हा ती मशीनवर होती. गुरुजींना तिनं लगेच ओळखलं. उठली, पदर सावरला, पाया पडायला वाकली, तर गुरुजी घाईनं मागे सरकले आणि दारातल्या कापडाच्या गठ्ठ्यावर आपटले. तिथंच बसून त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. त्यावर दोन झाडं होती. फांद्यांवर बोट फिरवत ते तिला सांगत राहिले की हे इंग्रजीचं आणि हे तुझ्या भाषेचं, दोन्ही सारखीच, फक्त ही एक फांदी इकडची तिकडं. म्हणजे तू चुकली नव्हतीस, चुकलो मी, मला माहीतच नव्हतं. हे सगळं त्यांनी पाठ करून आणलं असणार, कारण शेवटची वाक्यं धाप लागेपर्यंत एका दमात म्हटली. तिनं कागद हातात घेऊन नीट पाहिला. मग तो मशीनवर ठेवून म्हणाली, “मी त्याच्यानं न्हाई शाळा सोडली गुरुजी. माय बिमार पडली, लहान भावंडं होती, म्हणून न्हाई आले.” गुरुजींनी सुस्कारा सोडला. ती हसून, अगदी सहज, पुढं म्हणाली, “पर त्या दिशी पाणी काय पिऊ दिलं न्हाई तुमी.”

‘आय वॉटर ड्रिंक’चा कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं गुरुजींनी तपासलं होतं. मुलीला तहान लागली होती, हे मात्र वीस वर्षांत त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. ते रडले, आणि फार काही लपवलं नाही. तिनं शेजारून चहा मागवला आणि मला गणवेशाच्या ढिगावरून जागा करून दिली. चहा होईपर्यंत ती फोनवर कुणा नातेवाइकाशी गोंडीत बोलली. गुरुजी कान देऊन ऐकत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी भीत भीत विचारलं की आत्ता शेवटी काय म्हणालीस, ते मला हळू सांगशील का. तिनं सांगितलं. त्यांनी वही काढली.

सिंटॅक्सच्या अंतिम पेपरात त्यांनी पाचपैकी दोनच प्रश्नांची उत्तरं लिहिली, तीही तीन पुरवण्या लावून, आणि सगळी उदाहरणं गोंडीतली दिली. तपासणाऱ्यानं त्यांना काठावर पास केलं. निकालाच्या दिवशी सगळ्यात मोठी पेढ्यांची पुडी त्यांचीच होती, आणि त्यातला पहिला पेढा खालांना मिळाला, भिंतीच्या रंगाच्या पैशांसह. मी आता लातूरला एका ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. गुरुजी किनवटजवळच्या आपल्या गावी परतले. आठवड्याला एकदा ते त्या दुकानात जाऊन बसतात. ती काज-बटणं करता करता बोलते आणि ते लिहून घेतात. गिऱ्हाईक आलं की ते गठ्ठ्यावर सरकून बसतात आणि गणवेशाची मापंही टिपून देतात.

गेल्या महिन्यात मी किनवटला गेलो होतो. परतताना गाडीला उशीर झाला, तर ते माझ्याबरोबर फलाटावर येऊन बसले. आता पाचवी वही चालू आहे. मी विचारलं, हे छापायचं का कुठं. ते म्हणाले, “छापून काय करायचं? तिच्या पोरीला गोंडी येत न्हाई. समदं मराठीच बोलती. तिला कधी वाटलं, आपली माय काय बोलत व्हती, तर कुठंतरी लिहून ठेवलेलं असावं, इतकंच.” एवढ्यात गाडी आली. मी डब्यात चढलो आणि खिडकीतून हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. बाकावर वही गुडघ्यांवर उघडून ते काहीतरी घोकत होते. काय ते ऐकू आलं नाही. ओठांच्या हालचालीवरून ते मराठी वाटत नव्हतं, आणि इंग्रजीही नव्हतं.