सुनेच्या पिशवीत हात

आमच्या घरात माहेराला निघालेल्या सुनेची पिशवी सासू भरते. शेजारणी म्हणतात, केवढी माया. मला या मायेचा संशय आहे, आणि तो उगाच नाही.

आजी माणदेशातनं निपाणीत आली ती पोटासाठी, कडेवर माझ्या बापाला घेऊन. तंबाखूच्या वखारीत काम मिळालं. संध्याकाळी सुटताना दारात बायांची झडती व्हायची. पदर झाडायचा, ओचा सोडायचा, अंबाडा उकलून दाखवायचा. इथल्या बायकांना एखाद्या दिवशी तसंच सोडत. या ‘दुष्काळी’ बाईला कधीच नाही. माल जरा कमी भरला की नजर आधी उपऱ्यांवर. आणि हे सगळं सोसलेल्या बाईनं पुढं काय केलं? सून आल्यावर तिच्या पिशवीत हात घातला. आई माहेराला निघाली की म्हणायची, “आण गं, भाकरी बांधून ठेवते,” आणि बोटं थेट तळाशी.

मी कपडे शिवायच्या शेडमधल्या पोरींच्या झडतीविरुद्ध पत्रकं वाटत फिरते. घरातल्या झडतीवर पत्रक कोण काढणार?

परवा वहिनी लग्नानंतर पहिल्यांदाच एकटी, दोन दिवसांसाठी खानापूरला, माहेराला निघाली. तिनं माझ्या भावाला आधीच बेळगावात खोली बघायला लावलेली. घर फुटायला एक निमित्त पुरे होतं, आणि आईला ते ठाऊक होतं. तरी ती म्हणालीच, “आण गं पिशवी, लाडू ठेवते.”

डबा वरच्या वर मावत होता. आईचा हात मात्र साड्यांच्या घड्यांखाली गेला. वहिनीनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं.

कॉटवरनं आजी म्हणाली, “तळाला घाल की हात. वरनं काय कळतंय?”

आईचा हात तिथंच थांबला. “आत्या, माझ्या पिशवीत एवढी वर्षं काय गावलं तुमास्नी?”

“काय बी न्हाय.”

“मग कशापायी बघत हुता?”

आजी चिडली. “आमची रोज बघायचे की. एक दिवस झडतीवालीनं हातच लावला न्हाय. म्हटलं, बरं झालं. दुसऱ्या दिवशी दारातनंच परत लावलं, काम न्हाय म्हणून. झाडायचं सोडलं की समजायचं, आता आपण हितलं न्हाय.”

“आणि मी?”

“तू आमचीच न्हवं व्हय?”

मला राहवलं नाही. “आजी, सरळ माफी माग.”

“आलं बघा हिचं पत्रक,” आजी म्हणाली. “तुझी बी पिशवी बघू काय? नुसती कागदं निघतील.”

आजीचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही. वखारीनं हिला शिकवलं, म्हणून आईनं का सोसायचं? शिवाय ती गोष्ट म्हातारीनं तिथल्या तिथं रचली नसेल कशावरून? भांडणात ती आजवर हरलेली नाही.

आईनं मात्र हात बाहेर काढला. विस्कटलेली साडी सारखी करायला पुन्हा आत घालणार होती, थांबली. पिशवी वहिनीपुढं सरकवली. “तूच लाव गं नीट. चुकलं माझं.”

सासूनं सुनेला असं म्हटलेलं या घरात मी पहिल्यांदा ऐकलं. आजीनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

वहिनी काही विरघळली नाही. तिनं घडी घातली, चेन ओढली. लाडवांचा डबा खाली फरशीवरच होता. जरा वेळानं तिनं विचारलं, “बेसनाचं हायत?”

“रव्याचं. तुझ्या वडलांना आवडत्यात म्हणालीस न्हवं.”

तिनं डबा उचलला आणि हातातच धरला.

स्टँडवर सोडायला मी गेले. “खोली मिळाली?” मी विचारलं.

“मिळाल्यागत हाय. सोमवारी आले की आईंना दाखवायला नेणार. त्यांनी बघितल्याबिगर न्हाय घ्यायची.”

चांगलं बोलत होती. फारच चांगलं. सोमवारी ही येणार ना, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. तेवढ्यात बेळगावची गाडी लागली, खानापूरला तिथनंच पुढं जायचं. पिशवी चढवायला म्हणून मी ती उचलली आणि हातात जरा तोलून बघितली. दोन दिवसांच्या मानानं जड होती.

“आणा हिकडं, ताई,” वहिनी म्हणाली.