चैतीच्या हातची मोहाची

चैती माझी धाकटी जाऊ. वावर गावाहून लग्न होऊन जामसरला आली त्याला अकरा वर्षं झाली, आणि अकरा वर्षं मी तिच्यावर जळते आहे. खोटं कशाला बोलू? ती कुणाला उलटून बोलत नाही, हेसुद्धा मला सहन होत नाही.

सगळं त्या मोहाच्या दारूपायी. ती येण्याआधी पाड्यावर माझ्याच दारूचं नाव होतं. मी सगळ्यांसारखी झाडाखालचा पाचोळा जाळून राखेतून फुलं वेचायची. ही महामाया पहाटे जाऊन झाडाखाली जुनी लुगडी अंथरते. फुलाला माती नाही, राख नाही. वाळल्यावर तळहातावर चोळून केसर झाडते. मग फुलं मडक्यात पाच-सहा दिवस भिजवून आंबवते आणि चुलीवर चढवते. वर थंड पाण्याचं भांडं असतं, त्याला लागून वाफेची दारू होते आणि नळीतून थेंब थेंब उतरते. वरचं पाणी तापलं की बदलायचं. जितक्यांदा बदलाल तितकी दारू जास्त, पण पातळ. ती कितीदा बदलते तेवढं मला कधी कळलं नाही, तिची चूल घरात आहे. बाकी सगळं मी करून पाहिलं, लुगड्यांसकट. माझी पिऊन लोक म्हणायचे, "बरी आहे." तिची प्यायले की गप्प बसून पेला पुन्हा पुढे करायचे.

यंदा माझ्या दिपेशचं लग्न ठरलं. आमच्यात मांडवातली पहिली दारू नवऱ्याच्या आईच्या हातची लागते. लग्न लावणारी धवलेरी तिचे थेंब धरतीला आणि पितरांना वाहते, स्वतः घोट घेते, मगच गाणं उचलते. आमची धवलेरी बायडी जिभेची तिखट. ती भर मांडवात तोंड वाकडं करणार आणि कुणीतरी चैतीचा कॅन आणायला धावणार, हे मला दिसतच होतं. माझ्याच मुलाच्या लग्नात! आदल्या दिवशी चैती पाण्याला गेली तेव्हा मी तिच्या घरात शिरले आणि तिच्या कॅनमधली दारू माझ्या बाटलीत ओतून घेतली.

बायडीने थेंब वाहिले, घोट घेतला आणि डोळे मिटले.

"पुष्पा, कशी केलीस गं ही? हात बदलला तुझा."

मी चैतीची रीत घडाघडा सांगितली. लुगडी, केसर, आंबवणं. शेवटी ठोकून दिलं, "पाणी तीनदा बदललं, मग चूल विझवली."

तोवर पेला चैतीकडे पोचला होता. तिने घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"दोनदाच बदललंस, बाय," ती म्हणाली. "लगीनघाईत इसरलीस."

सगळे हसले. बायडीने गाणं उचललं, बायका मला नाचायला ओढू लागल्या. मला मात्र चैतीच्या हातातला पेला हिसकावून फेकून द्यावासा वाटत होता. दारूत आता मी तिला गाठीनही. पण हे असं वागणं मला कुठल्या जन्मी जमणार?