चकल्यांची मध्यस्थी

एका बाईची नोकरी वाचवायला मी चकल्यांचा डबा घेऊन गेले होते. तेव्हा मी पंचेचाळिशीची, पुण्याची एम.एस्सी., फर्स्ट क्लास. मूर्खपणाला शिक्षण आड येत नाही, याचा चालताबोलता पुरावा. नात हे ऐकते आणि म्हणते, "आजी, यू डिडन्ट." डिड, बाई, डिड.

आमचं कॉलेज आयर्लंडमधलं, रिंगास्किडी गावच्या औषध कारखान्यांसाठी माणसं तयार करायचं. शिकवणारे बहुतेक तासांवर. मे महिन्यात नोकरी संपायची, सप्टेंबरात परत मिळायची. म्हणजे प्राचार्यांच्या मनात असेल तर. आमची एक चिमुकली शिक्षक संघटना होती. ती ख्रिसमसचं जेवण ठरवायची आणि कुणी गेलं की फुलं पाठवायची. एका वर्षी काही जणांनी ठराव आणला, की देशभरातल्या कॉलेज-शिक्षकांच्या मोठ्या महासंघात आपणही जावं.

मी विरोधात उभी राहिले. त्यासाठी मुद्दाम साडी नेसले होते. "आपण एक कुटुंब आहोत," मी म्हणाले, "घरातलं बाहेरच्याला कशाला सांगायचं?" युनियन म्हणजे गिरण्या, झेंडे, घोषणा, ते आपल्यासारख्यांचं काम नव्हे, अशी माझी पक्की समजूत. दर दिवाळीला माझा फराळ प्राचार्यांकडे जायचा आणि डबा परत येताना त्यात बिस्किटं असायची. याला मी संबंध म्हणायचे. ठराव पडला. प्राचार्य दाराशी म्हणाले, "यू वेअर ग्रँड." आठवडाभर मी टम्म फुगलेली.

सप्टेंबरात आमच्यात शिकवणाऱ्या एका नागपूरच्या मुलीचा वर्ग गेला. मुलगी कसली, पस्तिशीची. नवऱ्यापासून वेगळी झालेली, लेकीला घेऊन भाड्याच्या घरात राहणारी. तिच्या घरात येणारा पैसा तेवढाच. बरं, वर्ग बंद झाला नव्हता. तो मला दिला होता. मी घेतलाही. वर तिला म्हणाले, "काळजी करू नकोस. मी बोलते साहेबांशी, ते माझं ऐकतात."

"काहून पण, ताई?" ती म्हणाली. "तुमचं काहून ऐकतील?"

मी घरी गेले आणि चकल्या तळल्या.

प्राचार्यांशी बैठक ठरली. संघटनेतर्फे तिच्या शेजारी बसायला मीच, कारण माझं इंग्रजी उत्तम असा समज होता. माझा. प्राचार्यांनी डबा तिथंच उघडला, चकली मोडली, यात काय काय असतं विचारलं. मी सांगितलं. भाजणीच्या डाळी कोणत्या, धुऊन सावलीत कशा वाळवायच्या, सगळं. ती शेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती. शेवटी ते म्हणाले, या वर्षी काही करता येणार नाही. त्यावर तिच्या वकीलबाई, म्हणजे मी, म्हणाल्या, "थँक यू सो मच." डबा त्यांनी प्रेसमध्ये ठेवला, इथं कपाटाला प्रेस म्हणतात.

ते वर्ष तिनं हॉटेलातल्या खोल्या आवरून काढलं. मी तिचा वर्ग शिकवला. वाईट शिकवला.

वसंतात ठराव पुन्हा आला. या वेळी साडी घरीच राहिली. सगळ्यांचे हात वर झाल्याचं बघून मीही केला.

महासंघानं डब्लिनहून एक किडकिडीत माणूस पाठवला. त्यानं चहा नाकारला, हवेबद्दल अवाक्षर काढलं नाही; या देशात हा उद्धटपणाच. प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली, जुनी प्रतिनिधी म्हणून मला कोपऱ्यात खुर्ची दिली होती. तो प्राचार्यांना म्हणाला, असंच आणखी एका कॉलेजात झालं होतं, तिथं वर्ग परत द्यावा लागला. तुम्ही आपणहून देताय, की बाकीच्या कॉलेजांतल्या शिक्षकांनाही तुमच्या दाराशी आणू? आवाज चढवला नाही. त्याला प्राचार्यांकडून तास नको होते, बिस्किटंही नको होती. प्राचार्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, कुटुंबातलं माणूस म्हणून. मी प्रेसकडे बघत बसले.

सप्टेंबरात वर्ग तिला परत मिळाला, शिवाय दर मे महिन्यात न संपणारी नोकरी.

दिवाळीला मी डबा घेऊन तिच्या दारात उभी. तिनं दार उघडलं, डब्याकडे बघितलं, हात काही पुढे केला नाही.

"चकल्या तुम्हीच खा, ताई," ती म्हणाली. "माझ्या बाजूनं बसायला आता माणूस आहे."