न विचारता आणलेलं लेथ

आमच्या शेजारी पंप दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहतात. सगळी गल्ली त्यांना पंपवाले काका म्हणते. पंपांचे शाफ्ट कातून घ्यायला ते आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात ताटकळले. शेवटी घरामागच्या खोलीत स्वतःचं लेथ मशीन बसवायचं ठरवलं. पण नवीन छोटी मशीनं हलकी, जरा जाड लोखंड लावलं की थरथरायची. मोठी तर दारातून आत जाईनात.

"मला पसंत करताना ही चिकित्सा कुठे ठेवली होतीत?" काकू म्हणाल्या.

मग लेथवरच आयुष्य काढलेल्या एका निवृत्त टर्नरचं जुनं लेथ विकायचं असल्याचं कळलं. टर्नरच्या मुलाने काकांना शेडमध्ये नेलं. मशीनच्या चकमध्ये, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्यात, पितळेचा अर्धवट कातलेला तुकडा तसाच होता, खाली चकचकीत ताजा कीस.

"वडील कुठे आहेत?"

"डोळ्याच्या ऑपरेशनला. आता त्यांना झेपत नाही हे."

त्यांना एकदा विचारावं, असं काकांच्या मनात आलं. पण मशीन चालू करून पाहिलं, तर एकसारखा आवाज, कुठे खडखड नाही. विचारलं तर हातचं जाईल. काका गप्प बसले आणि लगोलग टेम्पो घेऊन आले.

लेथ घरी आलं खरं, पण त्यावर काम लावायला हात धजेना.

"हवं ते मिळालं, मग चेहरा का पडलाय?" काकूंनी विचारलं. काकांनी सांगून टाकलं.

"मग मला काय सांगताय? तिकडे जा."

म्हातारे टर्नर काळा चष्मा लावून दारात बसले होते. काका म्हणाले, "तुमचं लेथ मी नेलं. तुम्हाला पत्ता नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. परत आणून देतो."

म्हातारे म्हणाले, "मुलगा म्हणतो, 'बाबा, तुमच्या भल्यासाठीच विकलं.' परत आलं तर घरात रोज तोच वाद. राहू दे तुमच्याकडे." मग सावकाश म्हणाले, "पोराला नाही कळलं. तुम्ही तर कारागीर आहात. तुम्ही तरी विचारायचं होतं."

"हो," काका म्हणाले.

निघताना त्यांनी म्हाताऱ्यांना घरी येऊन काम करायला बोलावलं. "नको. पुन्हा सोडणं जड जाईल," म्हातारे म्हणाले.

काकांची कामं आता घरीच होतात, आणि झकास होतात. कुणी मशीनचं कौतुक केलं, की मात्र ते विषय बदलतात.