चाळीस मिनिटांतला सुतार

आमच्या गल्लीतला सुतार तोंडाचा फटकळ, पण हातानं पक्का. त्यानं सांधलेली खुर्ची मोडली म्हणून कुणी परत आणली नाही. गल्लीत काचेची ऑफिसं आली तेव्हा त्याचं दुकान गेलं आणि गिऱ्हाईक फोनात जाऊन बसलं. नाइलाजानं तोही एका कंपनीच्या ॲपवर चढला.

ती कंपनी चालवणारी पोरं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारी. पटाशी कुठून धरतात ते ठाऊक नाही, पण सुतारकामाला वेळ किती, ते ठरवून मोकळी. चाळीस मिनिटं. खिळा ठोका नाहीतर पलंग जोडा, चाळीसच. वर गेलं की काम ‘अपुरं’, आणि तीन अपुऱ्यांवर नाव कटाप. सरस वाळायला अख्खी रात्र लागते. पण सरसाला ॲप कुठं वाचता येतं?

सुताराची दोन अपुरी झाली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, मारा दोन खिळे आणि या निघून. सगळे तेच करतात."

"सगळे करतात म्हणून तर दुरुस्तीला खुर्च्या मिळतात."

"आणि तिसरं अपुरं झालं की भुसा शिजवू का?"

तिसरं काम आलं ते नेमकं त्या कंपनीच्याच ऑफिसातून. गिऱ्हाईक लाखावर गेलं म्हणून कुणीतरी टेबलावर चढून भाषण ठोकलं होतं, आणि टेबलाची फळी मधोमध उभी फाटली होती. सुतारानं फट साफ केली, सरस भरला, चार शिकंजे लावून फळी आवळली.

"उद्या सकाळी सोडतो. तोवर हात लावू नका."

तेवढ्यात त्याचा फोन किणकिणला. चाळीस मिनिटं झाली होती. काम अपुरं, नाव बंद.

त्यानं फोन मालक पोरापुढं धरला. पोरगं ओशाळलं. "काका, ते सिस्टम आपोआप करतं. माझ्या हातात नाही."

"सिस्टम तुझीच ना?"

"हो, पण आम्ही कुणासाठी नियम मोडत नाही. तुम्ही सकाळी या मात्र. पैसे घालणारे पाहुणे येणार आहेत."

"मी कसा येणार? मी तर कटाप."

"अहो, पण टेबल?"

"नियमानं माझं काम संपलं. मग माझं सामान इथं कशाला?"

त्यानं एकेक शिकंजा सावकाश सोडला. फळी पुन्हा उकलली, ओला सरस फरशीवर ओघळला. पोरं बघत राहिली. फडकं कुठं असतं हेही कुणाला माहीत नव्हतं.

भरदुपारी नवरा शिकंज्यांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा बायकोनं काय ते ओळखलं. आता तो गल्लीच्या तोंडाशी फूटपाथवर बसतो. काम निम्मं मिळतं.

पोरांनी फाटल्या टेबलावर चादर अंथरली आणि पाहुण्यांना चढते आलेख दाखवले. चादर कुणी उचलून पाहिली नाही. पैसे मिळाले. आणि पैसे हाती पडताच पोरांनी पहिलं काय केलं, तर सुतारकामाची वेळ चाळीसवरून तीसवर आणली.