माडावर चढलेलं गाणं

आमची तुळजा गाणं ऐकताना माझं मनगट धरायची. प्रेमानं नव्हे, भीतीनं. गाणारा वर जायला लागला की तिची बोटं आवळायची, आणखी वर गेला की नखं रुतायची, आणि तो अगदी वरच्या सा वर जाऊन उभा राहिला की हिचा श्वासच बंद. "पडेल हो तो," असं माझ्या कानात म्हणायची. मग तो हळूहळू खाली यायचा. खालचा सा लागला की ती माझा हात सोडायची आणि पदरानं कपाळ पुसायची. "उतरला बाई."

लोक गाणं ऐकून ताजे होऊन येतात. ही दमून यायची. कच्चेरी, म्हणजे गाण्याची बैठक, संपवून घरी आलो की भिंतीला पाठ टेकून बसायची आणि म्हणायची, "जरा थांबा, मग भात वाढते. पायात बळ नाही." आणि एवढं होऊनही दुसऱ्या दिवशी गावातल्या राजवाड्याजवळच्या देवळात कुणी गाणार असं कळलं, की दुपारपासून वेणी घालून तयार.

तुम्ही तिला पाहिलेलं नाही, म्हणून सांगतो. बुटकी, काळी, दोन्ही नाकपुड्यांत चमकी. चष्म्याची काडी मोडलेली, तिला दोरा बांधलेला; नवा करून दिला तर तो कपाटात ठेवला. बोलायला तिखट. रागाचं नाव तिला एकही सांगता येत नव्हतं, तालाचं तर नाहीच. आम्ही दोघंही अडाणीच म्हणा. मी भाताच्या गिरणीत जन्म घालवला. माझे कान पट्ट्याच्या आणि बेअरिंगच्या आवाजावर पोसलेले. मला गाण्यातलं एवढंच कळायचं की आता तुळजाचा हात सैल झाला, म्हणजे आता टाळ्या वाजवायच्या.

ही भीती आली कुठून, ते तिनं लग्नानंतर फार उशिरा सांगितलं. तिचं माहेर कावेरीच्या फाट्यावरचं एक गाव, मागे माडांची बाग. नारळ उतरवायला माणूस यायचा. तो माडावर चढायला लागला की तिची आई हातातलं काम टाकून बुंध्याशी जाऊन उभी राहायची आणि वर बघत राहायची. त्याचे पाय जमिनीला लागले की मग आत जाऊन ताकाचा तांब्या आणायची. तुळजानं आईला विचारलं होतं, तू कसाला उभी राहतेस, तू काय त्याला झेलणार? आई म्हणाली, "खाली कुणीतरी घाबरायला पाह्यजे. अस्के आपल्या कामात असले, तर वरच्याला कोण आहे?" अस्के म्हणजे सगळे, आमच्या तमिळ मुलखातल्या मराठीत असंच म्हणतात.

तुळजानं ते गाण्याला लावलं. तिच्या लेखी गाणारा म्हणजे माडावर चढलेला माणूस. समोर बसलेले लोक माना डोलावतात, मांडीवर ताल धरतात, डोळे मिटून हसतात. ती त्यांच्याकडे रागानं बघायची. "बघा कसे मजेत बसलेत. तो तिथं वर एकटा आहे."

शेजारचे गोपाळराव हे मजेत बसणाऱ्यांतले पहिले. शाळेतून रिटायर झालेले मास्तर. राग सुरू झाला न झाला की नाव सांगणार, आणि आजूबाजूच्या कुणाला कळलं नसेल तर बरं वाटणार. ते तिला चिडवायचे. "वैनी, ही तोडी आहे हो! माड नव्हे! जरा आनंद घ्या."

"तुम्ही घ्या की आनंद," ती म्हणायची. "तुम्ही नाव सांगून मोकळे. नाव सांगितलं की तो खाली येतो काय?"

"पण त्यांना येतं गायला! पडत नाहीत ते!"

"मी आहे म्हणून पडत नाहीत."

गोपाळराव मोठ्यानं हसायचे, आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "अण्णा, तुमची बायको सगळ्या विद्वानांना सांभाळते बघा." मीही हसायचो. पण मनगट तिच्या हातात असायचं, आणि ती थट्टा करत नाही हे मला तिथं कळायचं.

घरी रेडिओ लावला तरी तेच. गाणं मध्येच बंद करायचं नाही. चुलीवर दूध उतू जाऊ दे, दारात माणूस उभा राहू दे, गाणं खाली आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. आमच्याकडे करंट जायचा तो नेमका गाण्यात. पंखा थांबला, रेडिओ थांबला, की तुळजा लगेच त्या तुटलेल्या जागेवरून गुणगुणायला लागायची. आवाज फाटका, सूर कुठल्या कुठं. पण एकेक पायरी उतरत खाली सा वर आणून सोडायची, आणि मग मेणबत्ती शोधायला उठायची. आमची मुलगी सुमती लहानपणी घाबरून रडायची, काळोखामुळं नव्हे, आई अशी का करते म्हणून. मी तिला म्हणायचो, रडू नको, आई कुणाला तरी घरी आणतेय.

मग तिच्या हृदयाची झडप बिघडली. जिना चढताना थांबायला लागली, पाय सुजले, रात्री दोन उशांना टेकून बसूनच झोपायची. डॉक्टर तमिळ, वयानं सुमतीएवढे, तिला 'पाट्टी' म्हणजे आजी म्हणायचे. त्यांनी सांगितलं की ऑपरेशन झेपणार नाही, गोळ्यांवर सांभाळायचं. धावपळ नको, भांडण नको, धक्का नको, छाती धडधडेल असं काहीच नको. "गाणी ऐका, पाट्टी. मन शांत राहील."

तुळजा माझ्याकडे बघून हसली. मला हसू येईना. त्यांना काय माहीत हिचं गाणं ऐकणं कसलं असतं? मी तमिळमध्ये समजावून सांगितलं. डॉक्टरांनी आधी मान हलवली, मग म्हणाले, खात्री करू. बोटाला ते नाडी मोजायचं चिमट्याचं यंत्र लावलं आणि स्वतःच्या फोनवर एक आलापना लावली. आकडे वर चढायला लागले. गाणं चढतंय तसे आकडे चढतायत. डॉक्टरांनी घाईघाईनं फोन बंद केला. तुळजा कासावीस झाली आणि तिथंच खुर्चीत बसून, धापा टाकत, ते गाणं खाली उतरवायला लागली. नर्स दारात येऊन उभी राहिली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "नको. गाणं नको यांना."

त्या दिवसापासून देवळाचा भोंगा सुरू झाला की मी खिडक्या लावायचो. रस्त्यातून लग्नाची वरात नागस्वर वाजवत निघाली की धावत जाऊन तिच्याजवळ बसायचो. गोपाळरावांना मी सांगितलं, टेप हळू लावा. त्यांनी लावलाच नाही पुढं. एकदा ती कुशीवर निजली असताना मी तिच्या पाठीला कान लावला. नको होता लावायला. गिरणीत असा आवाज आला असता तर मी पट्टा काढून यंत्र थांबवलं असतं. पुन्हा कान लावला नाही.

आणि पुष्य, म्हणजे पौष, महिना आला. तिरुवैयारूला नदीकाठी दर वर्षीच्या गाण्याच्या उत्सवाचा मांडव पडला, गाणी सुरू झाली. तुळजा म्हणाली, "मला न्या."

"वेडी आहेस काय?"

"न्या म्हटलं की न्या."

सुमतीचा बंगळुरूहून फोन. तिला आमची मराठी कळते सगळी, बोलताना अर्धी तमिळ येते. "अप्पा, नेऊ नका तिला. काही झालं तर?" काही झालं तर, हे मला काय कळत नव्हतं? मी रात्रंदिवस दुसरं काय करत होतो? मी तुळजाला म्हटलं, पोरगी रडतेय. तुळजा म्हणाली, "तिला म्हणावं, इथं निजून राहिले तर काही होणार नाही काय?" रिक्षा ठरवली. गोळी खिशात, पाण्याची बाटली, आणि गोपाळराव सोबत. त्यांनीच मागं बसून तिला आधार दिला, एका शब्दानं चिडवलं नाही.

सकाळची वेळ. वाळूवर चटया, ओल्या नदीचा वास, माणसांची दाटी. आम्ही कडेला खांबाशी बसलो, लगेच उठता येईल असं. तरुण बाई गात होती. मी गाण्याकडे बघतच नव्हतो. मी तुळजाचं मनगट धरलं होतं. आज उलटं. नाडीवर बोट, आणि डोळे तिच्या ओठांवर, निळे होतात काय ते बघायला.

बाई वर चढायला लागली. मला कळलं, कारण लोकांच्या माना थांबल्या. चढली, आणखी चढली, एका जागी जाऊन असा काही सूर धरला की माझ्यासारख्याच्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, आता. आता हिची नखं लागणार, आता नाडी पळणार. गोळीची पुडी मी तोंडात धरून फाडली.

काही झालं नाही. तिची बोटं माझ्या मांडीवर पडून होती, उघडी, झोपलेल्या मुलाच्या हातासारखी. नाडी जशी होती तशी, अडखळत. मला वाटलं, शुद्ध गेली. "तुळजा!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की पुढच्या चार माणसांनी वळून बघितलं. ती डोळे उघडे ठेवून गाणाऱ्या बाईकडे बघत होती आणि हसत होती. गोपाळराव हसायचे ना, मान डोलावत, तसंच.

"शू," ती म्हणाली. "ऐकू द्या की."

गोपाळराव पाण्याची बाटली हातात धरून तसेच राहिले. मग हळूच म्हणाले, "वैनी, भीती नाही वाटत आज?"

"नाही हो. बेस आहे. तुम्ही एवढी वर्षं हे ऐकत होता होय? मला बोलावलं का नाही?"

त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले. आजूबाजूचे लोक गाण्यानं डोळे पुसत होते, त्यांच्यात ते खपून गेलं.

डॉक्टरांचे आकडे बघून मी घाबरलो नव्हतो एवढा तिचा सैल हात बघून घाबरलो. ती अर्ध्या गाण्यातच म्हणाली, "चला, दमले, घरी जाऊ." सुराला खाली येऊ दिलं नाही, मागं वळून बघितलं नाही. रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. गाणं मागं ऐकू येत राहिलं, मग पुलावर बंद झालं.

पुढचे दिवस ती शांत होती. कॉफी कडू झाली तरी बोलली नाही. एका दुपारी मी मुद्दाम रेडिओ लावला. डॉक्टरांनी नको म्हटलेलं, तरी लावला. गाणं चढत असताना मध्येच खटकन बंद केला आणि तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. म्हटलं, आता उठेल, शिव्या देईल, गुणगुणेल. ती पंख्याकडे बघत म्हणाली, "असू दे. झोपते जरा."

मला राहवेना. मी पलंगाच्या काठावर बसलो आणि तिचा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला, बोटं दाबून धरली.

"घाबर की गं जरा," मी म्हटलं. "पूर्वीसारखी घाबर."

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या मोडक्या चष्म्यातून. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता धाप लागली.

"किती वर्षं घाबरले मी. पुरे झालं. तुमचं तोंड बघा आरशात, तुम्हाला बेस जमतंय."

आठवडा झाला नाही, सकाळी मी कॉफीचा पेला घेऊन आत गेलो तर ती गेलेली होती. रेडिओ बंद, गल्ली शांत, कुठंही कसलाच सूर नाही. मी पेला खाली ठेवला आणि उभा राहिलो. मग जाऊन एकेक खिडकी लावली. घाबरायचं ज्याच्यासाठी, ते माणूस संपलं होतं. भीतीला कुणी ते सांगितलं नाही. ती अजून माझ्याकडेच आहे, आणि तिचं काय करायचं ते तुळजानं शिकवलं नाही.